न्गोयोच्या राजाचं पाणी

२ सप्टेंबर १९९९, गुरुवार. अल ऐन

पोचले एकदाची! दुबईच्या विमानतळाबाहेर अहमद पाटी घेऊन उभा होता आणि पाटीवर लिहिलं होतं 'मिस्टर कावेरी'. मला बघितल्यावर त्याने पाटीकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं, आणि स्वतःच एवढा हसला की माझी निम्मी धाकधूक तिथेच संपली. अहमद पेशावरचा, इथल्या बंगल्याचा ड्रायव्हर. पहिल्या सिग्नलपासून मी त्याची 'बाजी' झाले, म्हणजे ताई. रस्ता फुटपट्टीने आखल्यासारखा सरळ. दोन्ही बाजूंना वाळू आणि त्या वाळूत नळ्यांनी पाणी पाजून जगवलेली झाडं. अल ऐन जवळ आलं तशी खजुरांची दाट बनं लागली. गाव शांत, रुंद रस्त्यांचं. समुद्र कुठेच नाही. आमच्या डिचोलीतूनही समुद्र दिसत नाही, पण तो जवळपास आहे हे अंगाला कळत असतं. इथे कळत नाही.

बंगला जमालसाहेबांचा. त्यांना सगळे अरबाब म्हणतात, म्हणजे मालक. जन्मभर त्यांनी देशोदेशींची जुनी कापडं जमवली, आता त्यांचं खासगी संग्रहालय करायचं आहे. ते स्वतः उपचारांसाठी लंडनला आहेत, त्यांच्या दुबईच्या ऑफिसातून फोन येतात. पणजीच्या संग्रहालयात मी इतकी वर्षं जुनी वस्त्रं सांभाळली आणि मला पोर्तुगीज वाचता येतं, म्हणून माझी निवड झाली असं पत्रात होतं.

माझ्या आधी हे काम बघणारे सूर्यकांतभाऊ मूळ सांगलीचे, पन्नाशी उलटलेले. मला सगळं शिकवून ते कायमचे घरी जाणार. त्यांनी वरण-भात आणि भेंडीची भाजी करून ठेवली होती. वाढताना म्हणाले, ताई, नऊ वर्षांनी या घरात आपलं माणूस आलं. त्यांचे डोळे भरून आले होते. इतक्या आनंदाने हल्ली कोण कुणाचं स्वागत करतं?

खाली कोपऱ्यावरच्या बूथमधून लेकीला, दियाला फोन केला. ती रडत नव्हती म्हणे, तिला सर्दी झाली होती. विष्णूदादाच्या घरी ती सुखात राहील, वहिनी प्रेमळ आहे. तरीही फोन ठेवल्यावर मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले. माझा नवरा मुरलीधर गेला तेव्हा दहाव्याला कावळा शिवेना. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेव्हा मी पुढे होऊन म्हटलं होतं, काळजी करू नका, दियाचं मी बघीन, तिला टाकून जाणार नाही. आणि लगेच फडफड झाली. आता तिच्याच शिक्षणासाठी तिला टाकून आले आहे. पण करारात दिवाळीची सुट्टी आहे. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला मी डिचोलीत असेन, असं तिला कबूल केलंय.

५ सप्टेंबर, रविवार

तळमजल्यावर कापडाची खोली. जाड पडदे, थंडगार हवा, हातात पांढरे सुती मोजे. दार उघडल्याबरोबर मला तो ओळखीचा वास आला, जुन्या सुताचा आणि डांबरगोळीचा, आणि घरी आल्यासारखं वाटलं. एकेक वस्त्र टेबलावर पसरायचं, वर जाळी धरून धूळ ओढून घ्यायची, घडीची जागा बदलायची, त्याच्याबद्दल पाटीपुरता मजकूर लिहायचा. हे काम मला झोपेतही जमेल.

खोलीच्या मधोमध एका बुटक्या लाकडी चौथऱ्यावर एक गठ्ठा आहे. बसलेल्या म्हशीएवढा. अरबाबनी तो लिस्बनच्या लिलावात घेतला. लिलावाच्या पुस्तकात 'आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कापडाचा गठ्ठा' एवढंच. एकावर एक गुंडाळलेली शेकडो वस्त्रं, आणि सगळ्यांत वर काय असावं? सोलापुरी चादर! लाल, मोरांची. मला हसू आवरेना. सूर्यकांतभाऊ म्हणाले, हसा ताई, पण एसी केवढा आहे बघा, राजेसाहेबांना थंडी वाजते. ते गठ्ठ्याला राजेसाहेब म्हणतात.

चौथऱ्यापाशी पाण्याने भरलेला एक वाडगा असतो. वाळवंटातली हवा इतकी कोरडी की धागे तटातट तुटतात, म्हणून खोलीत पाणी ठेवायचं, हे मला पटलं. पण त्याचा विधीच करून टाकलाय भाऊंनी. दुपारच्या जेवणानंतर वाडगा भरायचा, गठ्ठ्याबरोबर आलेली लोखंडी जोडघंटा वाजवायची आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. राजेसाहेब पाणी पितात, बघायचं नाही. मी डोळे मोठे केले तर म्हणाले, का, आपण नैवेद्य दाखवला की पडदा ओढत नाही? देवालासुद्धा जेवताना कुणी टक लावून बघितलेलं आवडत नाही.

मी हसत भिंतीकडे तोंड केलं. वळले तेव्हा वाडगा रिकामा होता. एसी पाणी किती खेचतो!

१३ सप्टेंबर, सोमवार. गणेशचतुर्थी

आज स्मिताकडे गणपती. स्मिता डोंबिवलीची, नवरा इथल्या पाटबंधाऱ्याच्या कामावर इंजिनियर. पहिल्याच भेटीत तिने मला अगं-तुगं करायला लावलं. मूर्ती एवढीशी, कुणीतरी विमानातून मांडीवर बसवून आणलेली. तिच्या अस्मीला सगळं मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. आरती पाठ आहे, अर्थ विचारला तर म्हणते, आय जस्ट नो द ट्यून.

सूर्यकांतभाऊंनी मोदक भरपूर खाल्ले आणि त्यांना उचकी लागली. अस्मीने पाण्याचा ग्लास आणून दिला आणि समोर उभी राहिली. त्यांनी ग्लास हातात घेतला, तोंडाशी नेला, परत खाली ठेवला. उचक्या चालूच. चेहरा पांढराफटक पडला. मग घाईने उठून अहमदला गाडी काढायला सांगून निघून गेले. अस्मी म्हणाली, अंकल नेव्हर ड्रिंक्स. स्मिता म्हणाली, नऊ वर्षं वाळवंटात काढून माणसाचा उंट झाला, सोड. आम्ही हसलो.

परत येताना आठवून बघितलं. खरंच, जेवताना मी त्यांना पाणी पिताना कधी पाहिलेलं नाही. जेवणात पाणी पिऊ नये असं आयुर्वेद सांगतो, त्यातलं काही असेल.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

सुट्टी असून दिवसभर वाचत बसले. अरबाबच्या कपाटात पोर्तुगीज दर्यावर्दी आणि पाद्री यांची जुनी प्रवासवर्णनं आहेत. गठ्ठ्याची पाटी लिहायची तर तो कुठला हे कळायला हवं. आज कळलं.

न्गोयो. काँगो नदी समुद्राला मिळते तिथून जरा उत्तरेला, किनाऱ्यावरचं एक छोटं राज्य. काबिंडा हे त्याचं बंदर. गोऱ्यांची जहाजं यायची, कापड उतरवायची आणि माणसं भरून न्यायची. त्या कापडातलं कितीतरी आपल्याकडचं, निळं, चौकड्यांचं, गुजरातेतल्या मागांवरचं. गठ्ठ्याच्या सुटलेल्या एका कडेला मी ते ओळखलं होतं आणि मला अभिमानच वाटला होता! मागावर बसलेल्याला ठाऊक तरी होतं का, की त्याच्या ताग्याला पलीकडे माणसं तोलून मिळतात?

तिथला राजा देवासारखा, म्हणजे कैद्यासारखा. त्याने समुद्र बघायचा नाही. त्याला पाणी पिताना कुणी बघायचं नाही. घंटा वाजली की सगळ्यांनी जमिनीला तोंड टेकायचं, बघणाऱ्याला मरण. राजा मेला की त्याला वाळवून कापडात गुंडाळत, थरावर थर. नव्या राजाने आधी जुन्याला पुरायचं, मग गादीवर बसायचं. पण बंदरावरचे लोक माणसं विकून इतके गब्बर झाले की गादी कुणाला नकोशी झाली. एवढी बंधनं अंगावर कोण घेणार? मग मेलेला राजा तसाच पडून राहायचा, वर्षानुवर्षं, आणि कारभार चालायचा त्याच्या राखणदाराच्या हातून. मढ्याच्या नावाने.

वाचून संपल्यावर मी खाली गेले. मोजा घातला आणि चादरीखाली हात घालून गठ्ठा हलकेच दाबला. कापड, कापड, आणि खूप आत काहीतरी टणक, गोल. गुडघ्याची वाटी असते तसं.

सूर्यकांतभाऊ भाजी चिरत होते. त्यांना सांगितलं तर मान वर न करता म्हणाले, असेल, राजेसाहेब म्हणतोच ना मी. दुबईच्या ऑफिसातल्या माणसाला सुट्टी असूनही घरी फोन केला की यात मृतदेह आहे, त्याला मूठमाती द्यायला हवी. तो हिंदीत म्हणाला, मॅडम, म्युझियम में सब मरे हुए लोगों का ही सामान होता है. अरबाब आल्यावर बघतील, इन्शाल्ला.

भीती नाही वाटली. वाईट वाटलं. इतक्या पिढ्या एका माणसाला कुणी पुरलंसुद्धा नाही.

९ ऑक्टोबर, शनिवार. सर्वपित्री

सकाळी लवकर उठून खीर, वडे, भात केला. मुरलीधरसाठी पान वाढून गच्चीत नेलं. कावळा नाही. साळुंक्या आल्या, चोची मारून उडून गेल्या. अकरा वाजता पत्रावळीवरचा भात उन्हाने कडक झाला. मी रडवेली होऊन खाली आले.

सूर्यकांतभाऊ जिन्यात उभे होते. म्हणाले, ताई, इथे कावळा कुठला मिळायचा? पान राजेसाहेबांनाच ठेवा. सर्वपित्री अमावस्या आहे, ज्यांना कुणी नाही त्यांनाही आज द्यायचं असतं. त्यांना तरी कोण आहे?

खरंच, त्याला कोण होतं? मी ताजं पान वाढलं. खोलीत गेले तर ती चादर धुळीने माखलेली वाटली. पाहुणा जेवायला बसणार आणि अंगावर असलं कळकट? ती काढली. मग इतका मोठा जीव उघडा कसा ठेवायचा म्हणून माझं जुनं मऊ सुती लुगडं आणून पांघरलं, सासूबाईंनी दिलेलं, जांभळं. वाडगा भरला. हात जोडले आणि तोंडातून आपोआप आलं, काळजी करू नका, तुमचं मी बघीन, तुम्हाला टाकून जाणार नाही.

घंटा वाजवून भिंतीकडे तोंड केलं. आज पहिल्यांदा आवाज ऐकला. गुरं पाणी पितात तसा, लांब ओढून.

दारात सूर्यकांतभाऊ उभे होते. हुंदके देत होते. घरच्यांची आठवण आली असेल.

१० ऑक्टोबर, रविवार. घटस्थापना

सकाळी नाश्त्याला सूर्यकांतभाऊंनी माझ्यासमोर पाणी प्यायलं. एक ग्लास, मग दुसरा, मग तांब्याच तोंडाला लावला. सदरा भिजला. हसत होते आणि रडत होते. मी म्हटलं, सावकाश, ठसका लागेल. ते मला वाकून नमस्कार करायला लागले. वयाने एवढा मोठा माणूस!

मला मात्र चहा गेला नाही. घसा धरलाय.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊ आज गेले. खरं तर महिनाअखेर जायचं ठरलं होतं. निघताना माझ्याकडे बघितलं नाही. गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाले, ताई, दुपारचं पाणी चुकवू नका.

समोर कुणी असलं की मला घोट गिळता येत नाही. अहमद असो, स्मिता असो. पाणी तोंडात राहतं, घसा दरवाज्यासारखा बंद होतो आणि शेवटी बेसिनमध्ये थुंकावं लागतं. एकटी असताना उतरतं, पण त्याने तहान जात नाही. ती जाते फक्त दुपारी. तेही मी पीत नसताना. मी भिंतीकडे तोंड करून उभी असते, मागे तो आवाज होतो, आणि माझी जीभ ओली होते. गार पाणी माझ्या घशातून उतरतं.

लिहून ठेवलंय. वाचून बघितलं. वेड्यासारखं वाटतं.

१८ ऑक्टोबर, सोमवार. दसरा

आज गठ्ठ्याचे वरचे थर बाजूला करून नीट बघितले. माझं लुगडं. त्याखाली चादर नाही, ती मीच धुऊन ठेवली आहे. मग एक केरळी मुंडू, तिकडची पांढरी लुंगी. मग कुणाचातरी लोकरी गळपट्टा. मग खलाशाचा सदरा, त्यावर लिस्बनच्या शिंप्याचा छाप. मग छापील विलायती कापड, बायकांचं. हे सगळे व्यापारी तागे नाहीत. वापरलेली वस्त्रं आहेत. प्रत्येकाने अंगावरचं काढून घातलेलं.

पाटी लिहायला बसले होते. 'राखणदारांची वस्त्रं' एवढं लिहून पेन थांबलं.

मी दिवाळीची तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवली आहे. दियाला फोन केला. तिने विचारलं, आई, तुझा आवाज असा का? मी म्हटलं, सर्दी.

२५ ऑक्टोबर, सोमवार

पासपोर्ट हातात आहे. ऑफिसने एका शब्दाने अडवलं नाही, तिकीटही काढून दिलं. उलट म्हणाले, मॅडम, मुलीला आमचा सलाम सांगा. दुपारचं पाणी देऊन निघणार. वाडगा काठोकाठ भरला आहे. शेजारी बादलीही ठेवली आहे. त्याला पुरेल.

खलास. मी घरी जातेय.

२७ ऑक्टोबर

अल ऐन मागे पडलं तशी जीभ लाकडासारखी झाली. विमानतळाआधी अहमदला म्हटलं, समुद्रावरून ने, थोडी हवा लागू दे. जुमेराला गाडी थांबली. समोर समुद्र असणार होता. मला दिसला नाही. वाळू होती, माणसं होती, त्यांच्यापुढे नुसतं पांढरं. न रंगवलेल्या मांजरपाटाच्या ताग्यासारखं. मी अहमदला विचारलं, पाणी कुठाय? तो म्हणाला, बाजी, सामने तो है.

नंतरचं आठवत नाही. इस्पितळात सलाइन लावलं, बाटल्या चढल्या, ओठ फाटून रक्त येत राहिलं. डॉक्टर म्हणाला, रिपोर्ट नॉर्मल आहेत. अहमदने मला उचलून परत इथे आणलं. कापडाच्या खोलीत सोडलं. बादली तशीच भरलेली. वाडगा तसाच भरलेला. माझ्याशिवाय तो पीत नाही—

मी घंटा वाजवली. भिंतीला टेकले. तो प्यायला. किती वेळ प्यायला.

आणि मी जगले.

३० ऑक्टोबर

सांगलीला सूर्यकांतभाऊंना फोन. त्यांची बायको म्हणाली, हे दिवसभर नळाशी उभे असतात. मग ते फोनवर आले. सगळं बोलले. त्यांची आई वारली तेव्हा त्यांना सुट्टी मिळाली नव्हती. दहाव्याला इथे कावळा नाही, म्हणून त्यांनी पान ठेवलं राजेसाहेबांपुढे. आणि म्हटलं. मीही म्हटलं तेच.

सुटायचं तर दुसऱ्याने आपणहून म्हणावं लागतं. वस्त्र, पाणी, शब्द. त्यांनी कितीजणांना बोलावलं. एक इंग्रज आला, एक फिलिपिनो बाई आली. कापड साफ करून, पगार घेऊन गेले. असं कुणी म्हणतच नाही हो ताई, म्हणाले. उपाशी बघून असं म्हणायची सवय आपल्याच माणसांना. म्हणून ऑफिसला सांगितलं, मराठी बाई बघा. विधवा असेल तर बरं.

बोलता बोलता मधे थांबत होते. घोट घेत होते. मला ऐकू यावं म्हणून नाही. राहवत नव्हतं म्हणून.

मी शिवी दिली नाही. देता यायला हवी होती. जन्मभर मी हेच एक वाक्य बोलत आले. सासऱ्यांचं मी बघीन. सासूबाईंचं मी बघीन. ज्याने त्याने ऐकलं आणि निर्धास्त झाला. मला पकडायला पिंजरा लागला नाही. माझा चांगुलपणा पुरला.

३ नोव्हेंबर

दादाला कळवलं, दिवाळीला जमत नाही. दियाने फोन हिसकावून घेतला. नुसता श्वास ऐकला तिचा.

आज स्मिता आनंदाने उड्या मारत आली. तिने आणि दादाने परस्पर ठरवलं— स्मिताच्या नवऱ्याने व्हिजिट व्हिसा काढला— दिया येतेय. मला सरप्राइज.

मी नको म्हणून ओरडले. स्मिता म्हणाली, कसली आई आहेस गं तू.

६ नोव्हेंबर

दिया आली. उंच झालीय. गळ्यात पडली आणि म्हणाली, आई, तू केवढीशी झालीस.

कापडाच्या खोलीला कुलूप घातलंय. सांगितलं, आत विषारी औषध मारलंय. खरं सांगावं का? सांगितलं तर ही काय म्हणेल मला ठाऊक आहे. माझीच आहे ती. वाढवलीच तशी.

नाही सांगणार. मी सूर्यकांत नाही. मी मरेन इथेच, त्या थरांत अजून एक लुगडं. पण ती परत जाईल. तेवढंच मागणं आहे. मुरलीधर, तेवढंच.

८ नोव्हेंबर. पाडवा

काल पहिली अंघोळ झाली. तिने मला तेल लावलं. पाठीवरून हात फिरवताना हाडांपाशी थांबली. जेवताना माझ्या ग्लासाकडे बघत असते. आज म्हणाली, तू दुपारी त्या खोलीत जातेस आणि बाहेर आलीस की तुझे ओठ ओले असतात. कोण आहे तिथे?

देव आहे, म्हटलं. बघायचं नसतं.

खोटं पुरतं बोलताही आलं नाही मला.

१० नोव्हेंबर

स्मिता फराळ घेऊन आली आहे. बोलत बसलो होतो. शंकरपाळी घशात अडकली, मी सहज ग्लास उचलला आणि—

प्याले. स्मितासमोर. अर्धा ग्लास. उतरलं. गार. तहान गेली. स्मिता म्हणाली, बघ, आलीस की नाही माणसांत. मला हसू आलं. क्षणभर किती हलकं वाटलं, देवा—

दिया कुठे आहे?

किल्ली उशीखाली नाही.

तोच दिवस

स्मिताला घालवून दिलं. खोली उघडी. माझ्या जांभळ्या लुगड्यावर पिवळी ओढणी. दियाची. कडा नीट खोचलेल्या, बाळाला पांघरतात तशा. वाडग्याशी दोन शंकरपाळ्या.

ती हसत उभी. म्हणाली, आई, आता तू घरी जा. मी त्यांना सांगितलं, माझ्या आईला सोडा, ती दमली आहे. तुमचं मी बघीन.

मी ओढणी ओढून काढली. माझा पदर फाडून घातला. म्हटलं, मी बघीन, मी बघीन, मी टाकून जाणार नाही. कितीदा म्हटलं. घसा कोरडा पडेना. माझा घसा ओलाच आहे. त्याला आता माझं नकोय—

११ नोव्हेंबर

सकाळपासून ती पाण्याचा ग्लास धरून बसलीय. गिळता येत नाही. मी समोर आहे म्हणून. आई, तू जरा बाहेर जा ना, म्हणते. घाबरलीय. ओठ फाटायला लागले.

दुपार. खोलीत आहोत दोघी. जवळ वही आहे म्हणून लिहितेय. ओढणी तिने परत पांघरली, घंटा वाजवली. म्हणतेय, आई, तोंड फिरव. भिंतीकडे. प्लीज.

फिरवलंय. भिंतीवर वही धरलीय.

मागे आवाज. लांब ओढून. त्यात अजून एक घोट, लहान— तिचा—

बघणारा मरतो एवढंच पुस्तकात आहे. ज्याला बघितलं त्याचं पुढे काय होतं, ते कुणी लिहिलेलं नाही. बघणारे उरले नाहीत लिहायला. म्हणजे ठाऊक कुणालाच नाही. म्हणजे कदाचित तोही—

दियाचं मी बघीन म्हटलं होतं.

वळतेय. जे दिसेल ते लिहीन. ओढणी हलतेय. आतून हात—